अनुभव धागा : अपडेटचं घोडं कुठल्या ड्रायव्हरवर अडलं?

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तेव्हापासून ओळखीपाळखीतून येणारे निम्मे फोन एकाच विषयाचे असतात. "अकरा टाकायला घेतलं, सत्तर टक्क्यांपर्यंत छान गेलं, रीस्टार्ट झालं, आणि मग केलेले बदल मागे घेतोय म्हणत परत दहावर." पडद्यावर उरतो तो एक कोड. बहुतेक वेळा ०एक्ससी१९००१०१ ने सुरू होणारा.

हा कोड एवढंच सांगतो की कुठल्यातरी ड्रायव्हरशी, म्हणजे विंडोज आणि एखादं उपकरण यांच्यातल्या दुभाष्या प्रोग्रामशी, बिनसलंय. कुठल्या, ते सांगत नाही. पण डॅशनंतर आणखी एक आकडा असतो, उदाहरणार्थ ०एक्स३००१८, आणि लोक नेमका तोच लिहून ठेवत नाहीत. त्यात एक्सनंतरचा पहिला अंक पाहायचा. २ असेल तर सेटअप स्वतःच्या छोट्या तात्पुरत्या सिस्टिममध्ये असतानाच लटकलं, ३ असेल तर नव्या विंडोजच्या पहिल्या बूटला (पहिल्यांदा चालू होताना), ४ असेल तर दुसऱ्या बूटला. साधा प्रोग्राम कोसळला तर एकटा बंद पडतो. ड्रायव्हर कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यात, बसलेला असतो, तो सगळी सिस्टिम घेऊन पडतो. म्हणून सेटअप शहाणपणा करतं आणि मागे फिरतं. राग त्याच्यावर काढू नका.

माझं मत आधीच सांगून टाकते. सगळे पहिला संशय ग्राफिक्स कार्डावर घेतात, पण मला जास्त वेळा सापडलेत ते घरातून कधीच गेलेल्या वस्तूंचे ड्रायव्हर. प्रिंटर भंगारवाल्याकडे जातो, ड्रायव्हर जागचा हलत नाही.

तर लिहा: यंत्र कोणतं, अडलं कुठे, आणि मुख्य म्हणजे ड्रायव्हर सापडला कसा. "फॉरमॅट मारलं, सुटलो" हा अनुभव धरला जाणार नाही.

डीटीपीवाला, पुणे

लग्नपत्रिका, अहवाल, स्मरणिका. वीस वर्षांच्या फायली, आणि त्या उघडायला लागणारं देवनागरी फॉन्टचं सॉफ्टवेअर, ज्याला डोंगल लागतो, म्हणजे कॉम्प्युटरला लावायची छोटी किल्ली, ती नसेल तर सॉफ्टवेअर उघडत नाही. ज्यांनी हा धंदा केलाय त्यांना डोंगल हरवण्याची भीती काय असते ते सांगायला नको. आमच्याकडे तो रात्री कपाटात, कुलपात जायचा.

अपग्रेड प्रत्येक वेळी पहिल्या बूटला मागे फिरायचं. "सगळी बाहेरची उपकरणं काढा" हा सल्ला सगळीकडे मिळतो, म्हणून डोंगल काढला, स्कॅनर काढला, फक्त माउस आणि कीबोर्ड ठेवला. ढिम्म फरक नाही. कारण डोंगल काढला तरी त्याचा ड्रायव्हर मशीन चालू होताना लोड होतोच. तो दिसला डिव्हाइस मॅनेजरमध्ये (विंडोजमधली उपकरणांची यादी), तोसुद्धा व्ह्यू मेनूतून 'शो हिडन डिव्हायसेस' टिकल्यावर. एरवी न दिसणारी आणि आता जोडलेली नसलेली उपकरणंही त्याने पुढे येतात. आमच्या मशीनवर हार्डलॉक डॉट सिस नावाची फाइल निघाली, तारीख इतकी जुनी की तेव्हा दुकानात सीआरटी मॉनिटर होता.

ती हाताने डिलीट करू नका. डोंगल बनवणाऱ्याचाच अनइन्स्टॉलर असतो, तो चालवला, रीस्टार्ट केलं आणि अपग्रेड बिनबोभाट पार पडलं. यूएसबी डोंगलसाठी नवा ड्रायव्हर मिळाला, तो चालतो. पॅरलल पोर्टवाला जुना डोंगल मात्र गेला तो गेलाच. त्याच्यासाठी एक विंडोज ७ चा डबा ठेवलाय, नेटची वायर काढून. जुन्या स्मरणिका मागायला माणसं येतातच.

गुळाची अडत, कोल्हापूर

आमचं अपडेट अडकलं नाही, व्यवस्थित झालं, आणि त्यानंच घात केला. वजनकाट्याची वायर सीरियल, कॉम्प्युटरला सीरियल पोर्ट नाही, म्हणून मधे यूएसबीचं कन्व्हर्टर. दिवाळीनंतर यार्डात गुळाची आवक सुरू झालेली, ढेपांची थप्पी लागलेली, आणि सकाळी काटा मुका. काट्यावर आकडा दिसतोय, बिलात शून्य.

डिव्हाइस मॅनेजर उघडला तर पिवळा त्रिकोण, आणि उपकरणाच्या नावाच्या जागी चक्क निरोप: ही चिप २०१२ पासून बंद आहे, विक्रेत्याशी संपर्क साधा. म्हणजे नवीन ड्रायव्हर चिप ओळखतो आणि जुनी म्हणून नाकारतो. पीएल२३०३ एचएक्सए जातीची चिप आणि तिच्या नकला, दोन्हींची हीच गत. वायर घेतली तेव्हा आत कुठली चिप आहे हे कोण बघतंय?

तात्पुरता इलाज : ड्रायव्हर अपडेट करा, 'माझ्या कॉम्प्युटरवरच्या यादीतून निवडू द्या', आणि जुनी आवृत्ती निवडा. काटा लगेच बोलायला लागला. पण पुढच्या अपडेटला विंडोजनं पुन्हा नवा ड्रायव्हर चढवला आणि आम्ही पुन्हा पाटी-पेन्सिलीवर. शेवटी वेगळ्या चिपची वायर आणली. काही शे रुपयांचं काम होतं, पोरगा उगाच ड्रायव्हरशी कुस्ती खेळत बसला होता. हंगामात वेळ वाया घालवू नका, वायर बदला.

एक निर्लज्ज, डोंबिवली

फॉरमॅट मारलं, सुटलो.

सीए ऑफिस, ठाणे

वरच्या निर्लज्जांना साष्टांग नमस्कार, पण आमच्याकडे फॉरमॅट म्हणजे दोन दिवस ऑफिस बंद. क्लायंटच्या डिजिटल सहीची टोकनं (पेन ड्राइव्हसारखी, सही त्यांच्यात असते) चार वेगवेगळ्या कंपन्यांची, प्रत्येकाचं सॉफ्टवेअर वेगळं, आणि सगळी एकाच मशीनवर बसवलेली. अपडेटनंतर टोकन लावलं की दिवा लागायचा, पण सही करायच्या खिडकीत प्रमाणपत्रांची यादी रिकामी. तारीख? जीएसटीचं थ्रीबी विवरणपत्र भरायची वीस तारीख तोंडावर.

उपाय कंटाळवाणा आहे. टोकनची सगळी सॉफ्टवेअरं काढली, रीस्टार्ट केलं, मग एकेक नवी आवृत्ती टाकून लगेच टोकन तपासलं. चारही एकदम टाकली असती तर पुन्हा कोण कोणाला आडवं येतंय ते कळलं नसतं. एकाची नवी आवृत्ती टाकल्यावर दुसऱ्याचं टोकन गायब झालं, आणि दोषी तिथेच सापडला. त्या टोकनसाठी आता जुना लॅपटॉप वेगळा.

आणि विंडोज अपडेटमध्ये 'पॉज' म्हणून सोय आहे, पाच आठवड्यांपर्यंत थांबवता येतं. ३० सप्टेंबरच्या ऑडिटच्या तारखेआधी आमच्याकडे ती सगळ्या मशीनवर दाबलेली असते. तारीख उलटली की उघडतो. कायमचं बंद ठेवणाऱ्यांनी मला शिकवू नये, त्यांच्या मशीनमधले व्हायरस मी पाहिलेत.

आयटी सपोर्ट, हिंजवडी

१९ जुलै २०२४, शुक्रवार. क्राउडस्ट्राइकचं ते अपडेट, सगळ्यांना ठाऊक आहे. तांत्रिकदृष्ट्या ते विंडोजचं अपडेट नव्हतंच. एका सुरक्षा सॉफ्टवेअरच्या कर्नल ड्रायव्हरला मिळालेली नवी डेटा फाइल होती. आपल्या घड्याळात सकाळी ९.३९ ला ती सुटली आणि १०.५७ ला मागे घेतली गेली. सव्वा तासाचा खेळ. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने जगभरात ८५ लाख मशीन निळ्या पडद्यावर.

फाइल मागे घेतली याचा पडलेल्या मशीनला काही उपयोग नाही, कारण ते नेटपर्यंत पोचायच्या आतच कोसळतं. इलाज दोन ओळींचा होता: सेफ मोडमध्ये जा, ड्रायव्हर्सच्या फोल्डरमधून २९१ क्रमांकाची ती फाइल उडवा. पण डिस्कवर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कचं कुलूप. म्हणजे आधी ४८ अंकी रिकव्हरी की. आणि निम्मे लोक घरून काम करणारे, कोणी सांगलीला, कोणी अमरावतीला. फोनवर एकेकाला की वाचून दाखवायची.

जोड्या करून वाचायला घेतल्या तर पहिल्याच फोनला "एकोणसाठ म्हणालात का एकोणसत्तर?" मग ठरवलं, एकेक अंक, सहा झाले की थांबायचं, त्यांनी परत म्हणून दाखवायचं. असे आठ गट. संध्याकाळपर्यंत घसा बसला. त्यानंतर आमच्याकडे कुठलंही अपडेट, अगदी सुरक्षा सॉफ्टवेअरचंसुद्धा, आधी मोजक्या मशीनवर जातं आणि मग बाकीच्यांना. आणि बिटलॉकरच्या कीची यादी ज्या सर्व्हरवर असते तोच बंद पडला तर काय, हा प्रश्न आपापल्या ऑफिसात आजच विचारा. उत्तर गमतीचं मिळेल.

क्लासवाले सर, रत्नागिरी

माझा प्रश्न उलटा आहे. लॅपटॉप सगळ्या अटींत बसतो, पण नवी आवृत्ती येतच नाही. मेव्हणा म्हणतो आयएसओ (अख्ख्या विंडोजची इन्स्टॉल करायची फाइल) उतरवून जबरदस्तीने टाक. टाकू का?

धागाकर्ती

सर, थांबा. अपडेट दिसत नाही याचा अर्थ कधीकधी ते तुमच्यासाठी मुद्दाम रोखून धरलेलं असतं. मायक्रोसॉफ्टला एखाद्या ड्रायव्हरची खोड आधीच कळलेली असेल तर त्या मशीनना अपडेट देणं थांबवतात. जाहीर झालेलं उदाहरण सांगते. इंटेलच्या स्मार्ट साउंड ड्रायव्हरच्या १०.२९.०.५१५२ आणि १०.३०.०.५१५२ या दोन आवृत्त्या अकराव्या पिढीच्या प्रोसेसरबरोबर असल्या की निळा पडदा यायचा, म्हणून २०२४ मध्ये विंडोज ११ चं २४एच२ नावाचं अपडेट अशा मशीनना रोखलं होतं. शेवटचे चार अंक ५७१४ किंवा त्यापुढचे असले की प्रश्न नव्हता. म्हणजे एका ध्वनीच्या ड्रायव्हरपायी अख्खी विंडोज थांबलेली.

आयएसओने रेटलं तर तुम्ही ती राखण स्वतःच्या हाताने काढता. आधी लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर तुमचं मॉडेल टाकून ध्वनी, चिपसेट आणि ग्राफिक्सचे ड्रायव्हर ताजे करा आणि काही दिवस वाट बघा. 'एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर' वाली सॉफ्टवेअरं मात्र घेऊ नका, मेव्हण्यांनी कितीही सांगितलं तरी.

आणि ज्यांचं मागे फिरलंय त्यांच्यासाठी: सेटअपडायग नावाचं मायक्रोसॉफ्टचं फुकट साधन आहे, ते सेटअपचे लॉग वाचून कारण काढून देतं. नेहमीच ड्रायव्हरचं नाव मिळेल असं नाही, पण लॉगच्या जंगलात स्वतः शिरण्यापेक्षा बरं.

लिनक्सवाला, नागपूर

इथं सगळे विंडोजलाच धुऊन राहिले, म्हणून आमचंही गाऱ्हाणं. उबुंटूवर नवीन कर्नल आला, रीस्टार्ट केलं, काळा पडदा. एनव्हीडियाचा ड्रायव्हर प्रत्येक नव्या कर्नलसाठी परत बांधावा लागतो, ते काम डीकेएमएस नावाचं साधन आपोआप करते. झालं नाही तर कर्नल नवा आणि ड्रायव्हर नाही, अशी गोष्ट. आपल्याकडे एक मजा आहे पण: जुना कर्नल तसाच पडून असतो. बूट होताना ग्रबच्या (सुरुवातीच्या मेनूच्या) 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये जाऊन मागचा निवडायचा, काम सुरू, मग निवांत दुरुस्ती. विंडोजवाल्यांनी जळावं.

सिक्युअर बूट (मान्य सही असलेलंच सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) चालू असेल तर आणखी एक भानगड. ड्रायव्हर बांधला गेला तरी त्यावरची सही मशीनला मान्य पाहिजे. रीस्टार्टला एक निळी खिडकी येते, तिथं 'एन्रोल मॉक' निवडून पासवर्ड टाकायचा असतो. ती काहीतरी एरर आहे समजून लोक घाईत 'कंटिन्यू' दाबतात अन् मग म्हणतात ड्रायव्हर काहून चालत नाही.

वायफायचा ड्रायव्हर गेला तर तो उतरवायलाच नेट नसतं. फोन यूएसबीनं लावा, यूएसबी टेदरिंग सुरू करा, फोनचं नेट वायरीतून मिळते.

सेवा केंद्र, बीड

अंगठ्याचं मशीन. अपडेट झालं की उपकरण दिसतं, पण त्याची आरडी सर्व्हिस, म्हणजे आधारसाठी अंगठा वाचून पाठवणारा प्रोग्राम, बंद पडलेली असते. 'सर्व्हिसेस'मध्ये जाऊन सुरू केली तर कधी चालते, नाही चाललं तर ड्रायव्हर आणि सर्व्हिस दोन्ही नव्याने. बाहेर रांग असते, म्हणून अपडेट रात्रीच. बाकी सविस्तर लिहायला सवड नाही, माफी.

वाचनालयाचं काम बघणारी, वाई

आमच्या वाचनालयात जुने दिवाळी अंक स्कॅन करायचं काम चालू आहे. स्कॅनर देणगीतला, दणकट, पण त्याचा ड्रायव्हर ३२ बिटचाच. विंडोज ११ फक्त ६४ बिटची येते आणि तिच्यात ३२ बिटचा ड्रायव्हर चालतच नाही. कार्यकारिणीत नवीन स्कॅनरचा विषय निघाला आणि निधीअभावी तहकूब झाला, अपेक्षेप्रमाणे.

मग एका सभासदाच्या मुलाने अडगळीतल्या जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकून दिलं. तिथे सेन म्हणून एक व्यवस्था असते, तिच्यात कितीतरी जुन्या स्कॅनरचे ड्रायव्हर आजही आहेत. आमचा लावल्या लावल्या ओळखला. स्कॅन झालेली पानं सामायिक फोल्डरमध्ये पडतात, सूची विंडोजच्या मशीनवर करतो. तिथला स्कॅनरचा अर्धवट ड्रायव्हर काढला आणि तिचं अडलेलं अपडेटही पुढे सरकलं.

डीटीपीवाल्यांना विचारायचं आहे: ज्या स्मरणिका तुमच्या विंडोज ७ च्या डब्यात आहेत, त्यांच्या पीडीएफ काढून मिळतील का? आमच्या गावच्या दोन-तीन नक्की असतील. डबा बंद पडायच्या आत जमलं तर बरं होईल.