पॅक-१२ फुटल्यावर मागे उरलेल्यांचं काय?

प्रश्न: २०२४ मध्ये दहा विद्यापीठं पॅक-१२ ही अमेरिकी कॉलेज खेळांची कॉन्फरन्स (आपसात खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट) सोडून गेली. ऑरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट या दोघांवर कॉन्फरन्स चालली कशी? आणि लहान संघांना झळ नेमकी कुठे बसते?

उत्तर १: एफबीएस (कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉलचा सर्वात वरचा स्तर) कॉन्फरन्सला किमान आठ सदस्य लागतात; कमी पडले तर दोन वर्षांची सवलत मिळते. ती वापरून २०२४ चे फुटबॉल सामने माउंटन वेस्ट या दुसऱ्या कॉन्फरन्सशी करार करून भरले, बास्केटबॉल वगैरे वेस्ट कोस्ट कॉन्फरन्समध्ये खेळवलं. मग त्याच माउंटन वेस्टमधून पाच संघ फोडले! बॉइसी स्टेट, फ्रेझ्नो स्टेट, सॅन डिएगो स्टेट, कोलोरॅडो स्टेट, युटा स्टेट. गोन्झागा विद्यापीठही घेतलं, पण त्यांच्याकडे फुटबॉलच नाही. म्हणून फुटबॉलसाठी आठवं टेक्सस स्टेट.

उत्तर २: लहानांचं दुखणं वेळापत्रकात आहे. हंगाम १२ सामन्यांचा. एसईसी ही बलाढ्य कॉन्फरन्स २०२६ पासून आठऐवजी नऊ सामने आपसातच खेळणार, म्हणजे बाहेरच्यांना तीन जागा, त्यातली एक मोठ्या संघाला राखीव. मोठ्यांच्या मैदानावर मार खायचा, खेळायला आल्याबद्दल ते देतात तो चेक आणायचा आणि त्यावर पोहणं-टेनिस चालवायचं, हे गणित इथे फिसकटतं.

उत्तर ३: प्रवासही धरा. कॅलिफोर्नियातलं स्टॅनफर्ड आता पूर्वेकडच्या एसीसी कॉन्फरन्समध्ये. बोस्टन कॉलेजशी सामना म्हणजे घड्याळ तीन तास पुढे. फुटबॉल आठवड्यातून एकदाच. व्हॉलीबॉल, सॉफ्टबॉलवाल्यांचे मात्र वर्ग बुडतात.

प्रश्नकर्ता: एसएमयूनं (टेक्ससमधलं सदर्न मेथडिस्ट विद्यापीठ) एसीसीत जाण्यासाठी टीव्हीचे पैसे सोडले ना?

उत्तर ३: हो, नऊ वर्षं. देणगीदार श्रीमंत आहेत म्हणून परवडतं.