नायक कशासाठी?

'दुबळ्या समाजालाच नायक लागतात' असं एक मत ऐकू येतं, ते मला पटत नाही. तारणहाराची वाट बघत बसणं वेगळं आणि कोणाला तरी नायक मानणं वेगळं.

१६ मार्च १९६८ रोजी व्हिएतनाममधल्या माय लाय इथे अमेरिकन सैनिक निःशस्त्र गावकऱ्यांना मारत सुटले होते. ह्यू थॉम्पसन हा त्याच सैन्यातला हेलिकॉप्टर वैमानिक. त्याने हेलिकॉप्टर सैनिक आणि जीव वाचवू पाहणारे गावकरी यांच्या मधोमध उतरवलं आणि आपल्या दोन साथीदारांना सांगितलं, आपल्या सैनिकांनी या लोकांवर गोळ्या झाडल्या तर तुम्ही त्यांच्यावर झाडा. काही जीव वाचले. मायदेशात मात्र त्याला गद्दार म्हटलं गेलं, धमक्या आल्या. 'सोल्जर्स मेडल' हे शौर्यपदक मिळालं १९९८ साली!

शत्रूशी लढताना पाठीशी आपली माणसं असतात. इथे तीच समोर होती. काय गमवावं लागेल हे दिसत असूनही दुसऱ्यासाठी उभं राहणं, माझ्या लेखी नायकत्व ते हेच. नुसतं धाडस तर लुटारूकडेही असतं.

समाजाला असा माणूस हवा, कारण 'हुकूमच होता, आम्ही काय करणार' ही सबब त्याच्यापुढे टिकत नाही. त्याच दिवशी, तोच गणवेश घालून कोणीतरी वेगळं वागलेलं असतं. हयातीत तो अनेकांना नकोसा होतो, तोही यामुळेच.

त्या दोन साथीदारांची नावंही नोंदवतो, एकट्या नायकाच्या गोष्टीत ती हरवतात: लॉरेन्स कोलबर्न आणि ग्लेन अँड्रिओटा. अँड्रिओटा काही आठवड्यांतच युद्धात मारला गेला.