‘मी’ हा भ्रम, असं बुद्ध कुठं म्हणाले?

बर्डीचा_वाटसरू:
रविवारी दीक्षाभूमीवर बसलो होतो. बाजूला दोघं तावातावानं एकमेकांना पटवून देत होते की बुद्धांच्या मते ‘मी’ हा भ्रम, सगळी माया. मला नाही पटलं. या अर्थानं माया हा शब्द अद्वैत वेदान्ताच्या घरचा. तिथं जग खोटं ठरवतात ते आत्मा खरा ठेवायसाठी. बुद्धांनी सारनाथला पाच भिक्खूंना अनत्तलक्खण सुत्त (आत्मा नसण्यावरचा उपदेश) सांगितलं, त्यात काय आहे? माणूस ज्यांचा बनतो ते पाच घटक: रूप (शरीर), वेदना (सुखदुःखाचा अनुभव), संज्ञा (ओळख), संस्कार (मनाचे कल), विज्ञान (जाणीव). एकेक घेऊन विचारलं, हे नित्य का अनित्य? अनित्य असेल तर ‘हे माझं, हा मी, हा माझा आत्मा’ म्हणणं बरोबर आहे का? भिक्खू म्हणाले, नाही. बस. तुम्ही नाहीच, हे त्यात कुठं आलं?

तर्री_जास्त:
पाचही बाद केले तर उरलं काय भाऊ? मिलिंदपञ्हात, म्हणजे मिलिंद राजा आणि नागसेन भिक्खू यांच्या संवादाच्या ग्रंथात, नागसेन रथाचं चाक, आस, दांडी, सगळं एकेक करून बाजूला काढतो. रथ सापडत नाही. त्यालाच आम्ही भ्रम म्हणतो.

बर्डीचा_वाटसरू:
काहून अर्धीच गोष्ट सांगून राह्यले? मिलिंद राजा म्हणतो, मी खोटं बोललो नाही, या सगळ्यावरून ‘रथ’ हे नाव पडतं. नागसेन ते मान्य करतो. शेवटी राजा आला होता रथातूनच, पायी नाही.

तर्री_जास्त:
आणि त्याच्या पुढचं वाक्य? परमार्थानं तिथं पुद्गल (व्यक्ती) सापडत नाही. ते तुम्ही गाळलं.

विहारातली_ताई:
दोघंही थांबा जरा. आमची आजी १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर होती, बापाच्या खांद्यावर. बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांत श्राद्धपक्ष करणार नाही, पिंडदान करणार नाही, हे आहे. तेव्हापासून घरात पितरांचं पान वाढणं बंद. आत्माच नाही तर पिंड कोणाला? इथवर मी तर्रीभाऊंसोबत. पण त्याच आजीला लहानपणी गावच्या विहिरीवरून हाकललं होतं. ‘मी’ भ्रम, तर ते पाणी कोणाला नाकारलं? भ्रमाला? असं म्हटलं की हाकलणाराही सुटतो ना जी!

संत्रा_बर्फी:
वच्छगोत्त नावाच्या परिव्राजकानं बुद्धांना हेच विचारलं होतं. आत्मा आहे का? बुद्ध गप्प. मग नाही का? तरी गप्प. नंतर शिष्य आनंदाला कारण सांगितलं: आहे म्हटलं तर शाश्वतवाद्यांच्या (आत्मा कायम टिकतो म्हणणाऱ्यांच्या) पंगतीत बसलो असतो, नाही म्हटलं तर उच्छेदवाद्यांच्या (मेल्यावर सगळं संपतं म्हणणाऱ्यांच्या). आणि आधीच गोंधळलेला वच्छगोत्त म्हणाला असता, माझा आत्मा होता तो आता गेला. (हे वाचून मला दरवेळी हसू येते.)

तर्री_जास्त:
गप्प राहिले ते वच्छगोत्तापुढं. धम्मपदात तर ‘सब्बे धम्मा अनत्ता’, म्हणजे सगळ्या गोष्टी आत्मा नसलेल्या, हे सरळ आहे, एकही वगळलेली नाही. ताईंच्या विहिरीला मात्र माझ्याजवळ उत्तर नाही, भ्रम शब्द मागं घेतो. पण वाटसरू, पुद्गल सापडत नाही त्याचं काय ते तुम्ही अजून सांगितलं नाही.