मदत हवी आहे: काळ्या-पांढऱ्या एचएफ गाईला लाल कालवड

नमस्कार मंडळी. करवीर तालुक्यात आमचा सहा गाईंचा गोठा आहे. परवा पहाटे आमची काळी-पांढरी एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गाय व्याली आणि कालवड चक्क लाल-पांढरी! कृत्रिम रेतनाची कांडी काळ्या-पांढऱ्या वळूचीच होती, नंबर वहीत लिहून ठेवलाय. शेजारी म्हणतात, कांडी बदलली. मला तसं वाटत नाही. लाल रंगाचं जनुक अप्रभावी असतं, काळ्याखाली झाकून राहतं. आई आणि वळू दोघांकडून आलं तरच वासरू लाल होतं, चारात एक असा हिशेब.

रंगाचं काही नाही, कालवड ठणठणीत आहे, चीक पोटभर प्याली. पण ब्लॅडसारखा (वासराची रोगप्रतिकारशक्ती दुबळी करणारा) आनुवंशिक आजारही याच वाटेनं येतो ना? आई-बाप धडधाकट, आणि वासराला सारखा जंतुसंसर्ग, तोंडात जखमा. बहुतेक वर्षाच्या आत दगावतं. त्याचीच धास्ती वाटते.

विचारायचं असं: याच जोडीची मोठी कालवड काळी आहे. ती लाल जनुकाची वाहक असण्याची शक्यता तीनात दोन, हे बरोबर ना? ती आता माजावर येतेय. वळूच्या माहितीपत्रकात टीएल आणि टीव्ही या खुणा, म्हणजे ब्लॅड आणि सीव्हीएम (वासराच्या मणक्यात व्यंग आणणारा आनुवंशिक आजार) यांपासून मुक्त, एवढं पाहून कांडी निवडली तर पुरेल? की गाईचीही जनुकीय तपासणी करावी? कोल्हापूरच्या आसपास कुणी केली असेल तर नमुना रक्ताचा दिला की केसांचा, आणि खर्च किती आला, तेवढं सांगा.