सिस्ट काढली, भोवती लालभडक आणि खाज. काय लावू?

रानपाखरू: मदत हवी आहे, लवकर सांगा. सिस्ट, म्हणजे त्वचेखालची गाठ, काढली. जखम ठीक दिसते, पण भोवती लालभडक झालंय आणि खाजून खाजून जीव नकोसा झालाय. दोन रात्री झोप नाही. कोणतं मलम लावू?

शिंपला: कुठली सिस्ट, कुठे होती? टाके आहेत की जखम उघडी ठेवलीय? किती दिवस झाले?

कोरडीविहीर: मलमबिलम काही नको. पट्टी काढा, हवा लागू द्या, खपली धरली की झालं. माझी मानेवरची अशीच भरली.

शिंपला: खपली धरू द्यायचीच नसते. जखम ओलसर राहिली तर लवकर भरते, व्रणही कमी राहतो. सौम्य साबणाने अलगद धुवायचं, टिपायचं, पेट्रोलियम जेलीचा पातळ थर आणि वर पट्टी.

कोरडीविहीर: माझा व्रण शोधून दाखवा, मग बोलू.

रानपाखरू: अहो, वाद नंतर घाला! पाठीवर आहे, चार टाके, आज सहावा दिवस. रोज जंतुनाशकाने पुसून नवी चिकटपट्टी लावते.

मध्यरात्र: लाली पसरतेय का? हात लावल्यावर गरम लागतं का? पू, ताप, वाढती ठणक? यातलं काहीही असेल तर इथे विचारत बसू नका, आजच डॉक्टर गाठा.

पायवाट: सिस्टची पिशवी पूर्ण निघाली का ते विचारा. राहिली तर गाठ परत येते. माझी दोनदा आली.

रानपाखरू: पिशवीचं नंतर बघते. ताप नाही, पू नाही. आत्ता फोटो काढून घेतला. लाली चक्क चौकोनी आहे, पट्टीएवढी.

शिंपला: मग पट्टीचा गोंदच सोसत नाहीये. संसर्गाची लाली जखमेपासून पसरत जाते, अशी सरळ कड धरत नाही. ही पट्टी बंद करा, दुसरी कुठली चालेल ते दवाखान्यात विचारा. जंतुनाशकही रोज नको, नव्या पेशी जळतात. आणि निओमायसिन या प्रतिजैविकाचं मलम आणू नका, त्याचीही बऱ्याच जणांना ॲलर्जी येते.

मध्यरात्र: पाठीचे टाके साधारण १० ते १४ दिवसांनी काढतात. तोवर वाकून जड उचलू नका, आणि नंतरही काही आठवडे जपा. व्रण कमी करायला लावतात ते सिलिकॉन जेल जखम पूर्ण मिटल्यावरच.

रानपाखरू: दवाखान्यात फोटो पाठवला. पट्टीचीच ॲलर्जी म्हणाले. आता गॉज ठेवून वरून सैल बँडेज गुंडाळलंय. खाज निम्म्यावर आली. पिशवीचं टाके काढताना नक्की विचारते.