विषय: ई-प्रवेश (कॉलेजचा ऑनलाइन प्रवेश) – बी.कॉम.ला मायनर (दुय्यम विषय) कोणता? (तातडीचे)

भाचीचा फॉर्म उद्या लॉक करायचाय. मेजर (मुख्य विषय) अकाउंट्स पक्कं. मायनरला ती कॉम्प्युटर म्हणतेय, पुढे सी.ए. करायचंय. परवा हॉलवर बोलणं अर्धवटच राहिलं.
— सुदामानगर

ताई, कॉम्प्युटर नको. पदवीनंतर फाउंडेशन (सी.ए.ची पहिली परीक्षा) न देता थेट इंटरला (दुसऱ्या टप्प्याला) बसायचं तर कॉमर्सला ५५ टक्के लागतात. शिवाय अकाउंटिंग, ऑडिट, कर, कॉस्टिंग, कंपनी कायदा, अर्थशास्त्र, मॅनेजमेंट यांतले किमान तीन पेपर १०० गुणांचे असावे लागतात. पहिल्याच वर्षाचा अभ्यासक्रम बघून फसतात मुलं. ऑडिट, कॉस्टिंग पुढच्या वर्षांत येतं आणि इंटरला नेमकं तेच लागतं. सगळ्या वर्षांचा उघडा. मायनर अर्थशास्त्र घ्या.
— लोकमान्यनगर

थेट प्रवेशाची वाट का बघायची? बारावी झाली की फाउंडेशन द्यावं. चार पेपर, प्रत्येकात ४० आणि एकूण ५० टक्के. गणित सोडलेली मुलं तिसऱ्या पेपरात अडकतात: गणित ४०, लॉजिकल रीझनिंग २०, स्टॅटिस्टिक्स ४०, चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा. म्हणून इलेक्टिव्ह (ऐच्छिक विषय) स्टॅटिस्टिक्सच. आणि तीन वर्षांची आर्टिकलशिप (सी.ए.च्या ऑफिसातली उमेदवारी) धरून चाला.
— काका, रामबाग

काका, नव्या योजनेत आर्टिकलशिप दोन वर्षं, तीही इंटरचे दोन्ही ग्रुप निघाल्यावर. फाउंडेशनवाल्यांची ती कॉलेज चालू असतानाच सुरू होऊ शकते. मग महिन्याच्या आत फॉर्म ११२ भरून सोबत कॉलेज करायची परवानगी घ्यावी लागते, आणि ऑफिसच्या वेळेत वर्ग असले की हजेरी बुडते. सकाळची बॅच आहे का, हे फॉर्म लॉक करण्याआधी विचारा.
— लोकमान्यनगर

व्होकेशनलला टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) मिळालं तर सोडू नका, पण व्हाउचर टाकता आलं म्हणजे काम आलं असं नाही. क्लॉथ मार्केटच्या एखाद्या पेढीची खरेदीवही घ्या आणि दर महिन्याच्या १४ तारखेला येणाऱ्या जीएसटीआर-२बी शी (विकणाऱ्यांनी भरलेल्या बिलांची जीएसटी पोर्टलवरची यादी) जुळवायला तिला बसवा. जीएसटी नंबर, बिल नंबर, कराची रक्कम, ओळीने. बिल १०७ वहीत नुसतं १०७ आणि तिकडे वर्षासकट असलं की सॉफ्टवेअर जुळवत नाही. विकणाऱ्या व्यापाऱ्याने बिल बी-टू-सी मध्ये (जीएसटी नंबर नसलेल्या ग्राहकाची विक्री म्हणून) दाखवलं असेल तर ते २बी त येतच नाही, खरेदीवर भरलेल्या कराचं क्रेडिट अडकतं. त्याच्याकडून दुरुस्ती करवून घेणं हेच खरं काम.
— तिलकनगर

करिअर मार्गदर्शन शैक्षणिक समितीकडे आहे. असे प्रश्न आधी समितीला पाठवावेत, बारावीच्या इतर पालकांनाही उत्तर मिळेल.
— शैक्षणिक समिती

समितीला उद्यापर्यंत जमलं असतं का? असो. काका, कॉलेजच्या यादीत स्टॅटिस्टिक्स नाही. मायनर अर्थशास्त्र टाकतेय. सकाळच्या बॅचचं विचारायला आत्ता निघाले.
— सुदामानगर