तुर्की पंचक: नक्कलखोर की आणखी काही?

मध्यसप्तक
काल इथे एका महाशयांनी ठोकून दिलं: "तुर्कांनी स्वतःचं संगीत पुरलं आणि युरोपचा कोट चढवला. सायगुन वगैरे पाच जण म्हणजे सरकारी बँडवाले." खाली +१ ची रांग. दुर्लक्ष करणार होतो, जमलं नाही.

एक तर बँड या पाचांनी, म्हणजे 'तुर्की पंचक' म्हणवल्या जाणाऱ्या संगीतकारांनी, आणलाच नाही. १८२६ साली सुलतान दुसऱ्या महमूदने जानिसारी पलटणी (सुलतानाचं जुनं पायदळ) मोडल्या, त्यांच्याबरोबर मेहतेरचे, म्हणजे त्यांच्या लष्करी वाद्यवृंदाचे, ढोल आणि सनईसारखे झुर्नेही गेले. मग १८२८ साली इस्तंबूलला आला जुझेप्पे दोनिझेत्ती, ऑपेरावाल्या दोनिझेत्तीचा थोरला भाऊ. गडी हुशार. दरबारी वादकांची हांपारसुम स्वरलिपी आधी स्वतः शिकला, मग त्यांना युरोपची पाच रेघांची शिकवली. रेय, एर्किन, आल्नार, सायगुन, आक्सेस हे जन्मले १९०४ ते १९०८ या काळात. पणजोबांच्या उधारीची वसुली पणतवंडांकडून?

दुसरं, एर्किनचं 'क्योचेक्चे' (१९४३) कितीजणांनी ऐकलंय? क्योचेक म्हणजे बाईच्या वेषात नाचणारा पोऱ्या, आपल्या तमाशातला नाच्याच म्हणा. त्याच्या नाचाच्या चाली एर्किनने अख्ख्या ऑर्केस्ट्राला वाजवायला लावल्या. नक्कल करणारा माणूस नाच्याकडे जातो होय?

जुनी_तार
ते महाशय मीच. नाव घ्यायला लाज वाटली का?

नोव्हेंबर १९३४ मध्ये अतातुर्कचं संसदेत भाषण झालं आणि लगेच रेडिओवरून उस्मानी संगीत बंद, ते १९३६ पर्यंत. शिकवणं तर १९२६ पासूनच थांबवलेलं. तुर्की राष्ट्रवादाचा विचारवंत झिया ग्योकाल्पचा हिशोब सरळ होता: दरबारी संगीत बायझंटाईन, म्हणजे परकं, खेड्यातली गाणी घ्या, त्यांना युरोपची हार्मनी लावा, झालं राष्ट्रीय संगीत. त्याच १९३४च्या जूनमध्ये इराणचा शहा येणार म्हणून सायगुनने काही आठवड्यांत 'ओझसोय' ऑपेरा उभा केला. गुरूजींच्या ताटातलं काढून घेतलं जात होतं आणि हे पंगतीला बसले होते. बँडवाले नाही तर काय म्हणू?

पेटीवाली
रेडिओबंदीला एवढं दचकता? आपल्याकडे आकाशवाणीवर केसकरांनी पेटी बंद केली तेव्हा कोण बोललं? माझे वडील आयुष्यभर साथीला पेटी वाजवत आले. लोक तोंडावर म्हणायचे, "पेटी म्हणजे बेसूर डबा." त्यांची बोटं मी पाहिली आहेत, मधल्या बोटाला घट्टा पडला होता.

काळी_चार
केसकरांनी नव्हे हो! पेटी बंद झाली मार्च १९४० मध्ये, आकाशवाणीचा प्रमुख फील्डनसाहेबाच्या हुकमाने, आणि टागोरांचाही त्याला पाठिंबा होता. केसकर नभोवाणी मंत्री झाले १९५२ला, त्यांनी कात्री लावली सिनेसंगीताला. पेटीला जरा सवलत मिळायला १९७१ उजाडलं.

पेटीवाली
बरं बाई, साल तुमचं बरोबर. घट्टा मात्र आमचा खरा.

काळी_चार
केसकरांनी गाणी बंद केली, लोकांनी रेडिओ सिलोन लावलं. आमच्या वाड्यात बुधवारी रात्री आठ वाजता एक रेडिओ आणि तीस कान. तुर्कस्तानातही तेच: रेडिओवर सिंफनी लागली की सुई फिरवून कैरो. फतवा निघाला की लोक शेजारच्या देशात जाऊन ऐकतात.

जुनी_तार
म्हणजे माझाच मुद्दा. धन्यवाद.

पेटीवाली
पण पेटीला श्रुती लावता येत नाहीत हे कारण होतं ना? मग पियानोचं काय? तुर्की संगीतातला सेगाहचा सूर पियानोच्या दोन पट्ट्यांच्या मधे पडतो. तिथे कुणी पियानो बंद केला का? उलट घरोघरी आणला. डबा आमचाच का?

मध्यसप्तक
पेटीसाठी वेगळा धागा काढा, मी स्वतः येऊन +१ देईन. जुनी_तार, हे वाचा आणि मग शिव्या द्या. आल्नार हा मुळात कानूनवादक (कानून म्हणजे मांडीवर ठेवून छेडायचं तंतुवाद्य). व्हिएन्नाला शिकून आला आणि कानूनसाठीच कॉन्चेर्तो, म्हणजे एक वाद्य पुढे आणि बाकी ताफा साथीला अशी रचना, लिहिला. कानून जवळून पाहिलंय का कधी? मी इस्तंबूलला एका छोट्या दुकानात पाहिलं. तारांच्या डाव्या टोकाला धातूच्या बारक्या पट्ट्यांच्या रांगा असतात, त्यांना मांडाल म्हणतात. म्हातारा वाजवता वाजवता डाव्या अंगठ्याने एक पट्टी पाडायचा, एक उचलायचा आणि सूर एका कोमाने, म्हणजे अगदी केसभर, सरकायचा. उजवा हात थांबायचाही नाही. आता ते वाद्य घेऊन समोर अख्खा तारवाद्यांचा ताफा बसवायचा, याला पुरणं म्हणता?

बोका_ऑन_बोस्फोरस
शिवाय नोव्हेंबर १९३६. हंगेरियन संगीतकार बार्टोक आणि सायगुन, मेणाच्या नळ्यांवर आवाज कोरणारं यंत्र घेऊन दक्षिण तुर्कस्तानातल्या अदानाकडच्या गावांत. उस्मानियेला पहिल्याच म्हाताऱ्याने गाणं सुरू केलं आणि बार्टोक चाट, चाल थेट जुन्या हंगेरियन गाण्याची! सायगुन त्याच्या शेजारी बसून स्वरलेखन करतोय. सरकारी बँडवाला असला तरी चिखलात गेलेला.

जुनी_तार
गेला असेल. दरबारी उस्तादांच्या दारी गेला का?

मध्यसप्तक
क्योचेक्चेच्या चाली कुठल्या मग? इस्तंबूलच्याच. ग्योकाल्पच्या हिशोबात न बसणाऱ्या.

जुनी_तार
(दोन तासांनी) 'क्योचेक्चे' लावलं. टेबलावर बोटं आपटत मोजलं, दोन-दोन-दोन-तीन, दोनदा चुकलो. ठीक आहे, एर्किनचं नाव यादीतून काढतो. आल्नारचंही, कानूनमुळे. सायगुन माझ्याकडून अजून 'ओझसोय'च्या खोलीत कोंडलेलाच. आणि बंदीला माफी नाही, हे लिहून ठेवा.

मध्यसप्तक
बंदीला माफी मागितली कुणी? त्याच सायगुनने १९४२ साली 'युनुस एम्रे' लिहिलं, त्याच नावाच्या सुफी कवीच्या शब्दांवर. तेव्हा देशातले दर्गे आणि तेक्के (सुफी मठ) बंद होते. ऐकून मग कुलूप लावा.

पेटीवाली
ऐकेन. पण त्यात पेटी नसेल, सांगून ठेवते.